शांत परिसरात किरायाने देणे आहे

नांदेड किंवा लातूरच्या कुठल्याही नगरात शिरले की विजेच्या खांबावर, फाटकावर किंवा एखाद्या बंद दुकानाच्या शटरवर एक पाटी हमखास भेटते : ‘शांत परिसरात दोन रूम व किचन किरायाने देणे आहे. पाण्याची सोय. फक्त फॅमिलीसाठी.’ पुण्या-मुंबईकडे घर भाड्याने मिळते, मराठवाड्यात किरायाने. निजाम गेला, किराया राहिला. पाटीवरचा प्रत्येक शब्द आपापल्या परीने खरा असतो. ‘पाण्याची सोय’ म्हणजे घरमालकाकडे बोअर आहे आणि ज्या महिन्यांत त्याला पाणी असते त्या महिन्यांत ते किरायेदारालाही मिळते. ‘फक्त फॅमिली’ म्हणजे एकट्या पुरुषाने निदान आईला तरी आणून दाखवावे. ‘किचन’ म्हणजे जिन्याखाली उरलेली जागा. राहता राहिला ‘शांत परिसर’. त्याचा अर्थ विचारलाच तर घरमालक फाटकाला टेकतो आणि पलीकडच्या प्लॉटवर स्लॅबसाठी लावलेल्या मिक्सरच्या वर आवाज चढवून सांगतो, “इथं कसला म्हणजे कसलाच तरास नाही बघा!”

तो खोटे बोलत नसतो. त्याला मिक्सर ऐकूच येत नसतो.

आवाजाचा हा हिशेब समजून घ्यायला नांदेडात जरा मागे जावे लागते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली हैदराबादच्या गादीवर बसले आणि १९२०च्या दशकात नांदेडला त्यांच्या नावाची उस्मानशाही मिल उभी राहिली. कापूस दारातच होता. या भागातल्या गावरानी कापसाचे संस्थानभर नाव होते. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी रेल्वे १९०० सालापासून गावातून धावत होती. कापूस, रेल्वे आणि राजाचे नाव एवढे भांडवल असल्यावर सूत निघणारच. सुताबरोबर मिलमधून आणखी एक गोष्ट निघत असे, ती म्हणजे भोंगा.

पाळी बदलली की भोंगा होई आणि मिलशी काडीचाही संबंध नसलेली घरे त्यावर चालत. भोंगा झाला की चूल पेटे, भोंगा झाला की पोरे शाळेला पिटाळली जात, भोंगा झाला तरी नवरा घरी आला नाही की बायको दाराशी येऊन उभी राही. घराघरात घड्याळ असण्याचे ते दिवस नव्हते. सगळ्या गावाला मिळून एक घड्याळ होते, आणि त्याची किल्ली मिलकडे होती. एवढा मोठा आवाज दिवसातून अनेकदा होत असूनही त्या काळच्या कुणी ‘फार गोंगाट होता हो’ असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. उलट मिलमध्ये हयात घालवलेले म्हातारे आजही म्हणतात, “तव्हा कसं सगळं शांत होतं.”

पुढे १९७४ साली केंद्र सरकारने देशभरातल्या शंभराहून अधिक गिरण्या एका कायद्याने ताब्यात घेतल्या. त्या कायद्याच्या नावातच ‘आजारी’ हा शब्द होता आणि त्याच्या यादीत उस्मानशाही होती. म्हणजे मिल आजारी पडली तीही राजपत्रात छापून. हा आजार काही उतरला नाही. गंमत अशी की मिल आजारपण काढत होती त्याच काळात नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून ‘नांदेड ४४’ हे संकरित वाण बाहेर पडले आणि १९८०च्या दशकात मराठवाड्याच्या शेतकऱ्यांनी ते डोक्यावर घेतले. शिवारात कापूस जोमात आणि गावात मिल कोमात, असा तो प्रकार. शेवटी मिल बंद पडली आणि भोंगाही बंद झाला. गावाने मात्र ‘आजारी’ हा शब्द वाया जाऊ दिला नाही. आज डॉक्टर लेनमध्ये शिरले तर पाट्यांच्या गर्दीत आभाळ दिसत नाही. हिंगोलीपासून थेट तेलंगणाच्या हद्दीपलीकडपर्यंतची माणसे दुखणी घेऊन येतात. गिरणी आजारी पडली, गावाने दवाखाने काढले.

एक भोंगा गेला आणि त्याच्या जागी किती आले, याची मोजदाद करायला नांदेडच्या कुठल्याही ‘शांत’ नगरात एक सकाळ काढावी.

साडेपाचला देवळाच्या स्पीकरला कंठ फुटतो. त्याआधी किंवा त्यानंतर, ऋतूप्रमाणे, अजान होते. पावणेसहाला दूधवाल्याची मोटारसायकल येते. तिचे सायलेन्सर हे नाव आजवर कुणी मनावर घेतलेले नाही. सहाला पहिली बोअरची मोटार चालू होते आणि ती ऐकून बाकीच्यांना आपल्याही टाकीची आठवण येते. साडेसहाला स्कूल व्हॅन येते. ती हॉर्न मुलासाठी वाजवत नाही, मुलाच्या बुटाची लेस बांधणाऱ्या आईसाठी वाजवते. सातला घंटागाडी. नावात घंटा आहे, पण गाडीत गाणे आहे, आणि स्वच्छतेचे ते गाणे नगरातल्या दोन वर्षांच्या पोरांना ‘आई’च्या पाठोपाठ येते. आठला पाण्याच्या जारचा टेम्पो. साडेआठला भाजीची गाडी.

भाजीच्या गाडीपाशी जरा थांबायला हवे. पूर्वी भाजीवाला स्वतः ओरडे, त्यामुळे त्याच्या ओरडण्याला त्याच्या दमाची मर्यादा होती. आता गाडीच्या दांडीला छोटा कर्णा असतो, त्यात आवाज भरून ठेवलेला असतो आणि त्या आवाजाला दम लागत नाही. भाजीवाला शांतपणे मोबाइल बघत बसलेला आणि कर्णा गल्लीला सांगतो आहे : टमाटे वीस रुपये किलो, ताजी ताजी मेथी, टमाटे वीस रुपये किलो. काकू पिशवी घेऊन उतरतात.

“दोन किलो टमाटे दे.”

“ऐंशी रुपये, काकू.”

“ऐंशी? हे वीस वीस म्हणायलंय की!”

“ते रेकॉर्डिंग मागच्या महिन्याचं हाय.”

“मंग मी बी मागच्या महिन्यातलेच घेते.”

या व्यवहाराला अकरा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात कर्णा वीस रुपयांचा भाव आणखी चाळीसेक वेळा जाहीर करतो, आणि तो बंद करावा हे दोघांच्याही डोक्यात येत नाही.

भाजीनंतर भंगारवाला. त्याच्याही गाडीवर कर्णा, त्यात जुना पंखा, जुनी मोटार, जुना कूलर, फुटकी बादली, रद्दी अशी लांबलचक यादी. नगराच्या तोंडाशी ओट्यावर बसणारे, मिलमधून घरी बसवले गेलेले एक आजोबा ती यादी रोज शेवटपर्यंत ऐकतात. एकदा ते शेजाऱ्याला म्हणाले, “जुनी मोटार घेतो, जुना कूलर घेतो. आमची अख्खी मिल गेली तव्हा असा पुकारा तरी कुठं झाला व्हता!” शेजाऱ्याला यावर काय बोलावे ते कळेना. त्याने चहा मागवला.

अशा गावात कायद्याचे काय होत असेल, हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. कायदा आहे, चांगला रेखीव आहे. ध्वनिप्रदूषणाचे केंद्र सरकारचे नियम २००० साली आले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कमाल मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सहा. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र, तिथे आणखी ५ डेसिबल कमी. ५५ डेसिबल म्हणजे दोन माणसांनी समोरासमोर बसून बऱ्यापैकी सभ्यपणे बोलावे एवढा आवाज. आता मराठवाड्यात दोन माणसे समोरासमोर बसून बोलू लागली तर नियम पाच मिनिटांत मोडतो, हे नियम करणाऱ्यांना कुणी सांगितले नसावे. इथे माणूस घरात बसून ‘हौ’ म्हणतो तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो. तशी पद्धतच आहे. हळू बोलणाऱ्याबद्दल लोकांना संशय येतो.

प्रत्येक नगरात एक निवृत्त गृहस्थ असा असतो की ज्याला हे आकडे पाठ असतात. तो पाटबंधारे खात्यातून किंवा महसुलातून निवृत्त झालेला असतो, आणि मुलाने दिलेल्या मोबाइलवर त्याने आवाज मोजण्याचे ॲप घेतलेले असते. तो सकाळी फाटकाशी उभा राहून मोजतो : भाजीवाला ७४, घंटागाडी ७८, शेजारच्यांचा मिक्सर (चटणीचा, स्लॅबचा नव्हे) ७१. आकडे वहीत उतरतात. नगराच्या बैठकीत वही वाचून दाखवली जाते, सगळे मान डोलावतात. मग कुणीतरी विचारते, “काका, तुमची बोअरची मोटार किती भरली?” काका म्हणतात, ती मोजताना मोबाइलची बॅटरी संपली होती. पुढच्या बैठकीचा विषय कुत्र्यांचा ठरतो.

या सगळ्या गदारोळात नांदेडचे सर्वांत जुने वेळापत्रक मात्र कुठल्याही भोंग्याशिवाय चालू आहे. तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या सेवेसाठी रोज पहाट व्हायच्या आत गोदावरीचे पाणी घागरीत भरून आणले जाते. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली इथेच ज्योती-ज्योत समावले. त्या घटनेनंतर ३०० वर्षांनी, २००८ साली, गुरु-ता-गद्दीचा सोहळा झाला तेव्हा गावात मोठे रस्ते झाले, पूल झाले, नांदेडकर प्रथमच पादचारी मार्गावरून चालले. रुंद रस्त्यांमुळे वाहतूक सुरळीत होईल असा अंदाज होता. झाले असे की रस्ता रुंद म्हटल्यावर ऑटोवाल्याला वाटू लागले, पुढचा माणूस आता बाजूला होऊ शकतो. आणि होऊ शकतो तर त्याला तसे कळवायला हवे.

शांत नगरात राहण्यातली खरी कसोटी आवाजाची नसून पत्त्याची असते. बिनशेती झालेल्या दोन-चार एकरांत प्लॉट पडतात, त्यांना एखादे ‘नगर’ हे नाव मिळते, आणि शेजारच्या सर्व्हे नंबरात त्याच नावाचे दुसरे नगर उभे राहू लागते. घरांना क्रमांक असतात, पण ते फक्त वीजबिलावर राहतात. अपवाद सिडकोचा. गोदावरीच्या दक्षिणेला सिडकोने नवे नांदेड वसवले तेव्हा घरांच्या पत्त्यांमागे ‘एनडी’ची क्रमवारी लावून दिली, अगदी हिशेबी. पण तिथल्या माणसालाही घर विचारले तर तो म्हणतो, “टाकीपाशी या, मंग फोन करा.”

बाकी गावाचे पत्ते जे उभे आहे त्यावरून कधीच चालत नाहीत. जे गेले आहे त्यावरून चालतात. नांदेडात मिल बंद झाली, पण ‘मिलच्या मागं’ बंद झाले नाही. लेबर कॉलनीत घर शोधणाऱ्याने लेबर शोधू नये. लातुरात डालडा फॅक्टरीतून तूप निघायचे थांबले त्याला जमाना झाला, पण ऑटोवाल्याला ‘डालडा फॅक्टरी’ म्हटले की तो अचूक नेऊन सोडतो. तिथे आज नेमके काय आहे हे विचारले तर त्याला सांगता येत नाही. ‘जुनी रेल्वे लाईन’ हा तर लातूरच्या प्रतिष्ठितांचा पत्ता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीच्या रुळांवर चालवलेली बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरला पोहोचली. जवळपास शंभर वर्षांनी ब्रॉडगेज आली, स्टेशन गावाबाहेर गेले, रूळ उखडले गेले. आता त्या पत्त्यावर दवाखाने आहेत, बंगले आहेत, आणि पाहुण्याला स्टेशनवरून आणायला जाणारा जावई आहे, जो पाहुण्याला सांगतो, “आमचं घर रेल्वे लाइनलाच हाय, पण रेल्वेपासून लांब पडतं.”

लातूरचे नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी मात्र ही अडचण फार आधी ओळखलेली दिसते. १९१७ सालच्या गंजगोलाईच्या आराखड्यात त्यांनी मधोमध गोल इमारत ठेवली आणि तिला सोळा रस्ते जोडले : एक सोन्याचा, एक चपलांचा, एक मिरचीचा, एक गुळाचा. चुकलेला माणूस कुठल्याही रस्त्याने गेला तरी फिरून गोलाईतच येतो. यापेक्षा जास्त दिशादर्शन लातूरकराने मागितलेले नाही. गुगलच्या बाई ‘उजवीकडे वळा’ म्हणाल्या तरी तो गोलाईपर्यंत जाऊन मगच वळतो.

पत्त्याप्रमाणे लातूरची शांतताही वेगळ्या जातीची आहे. नांदेडची शांतता आपोआप मोडते. लातूरची शांतता राखली जाते, आणि ती कडक असते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारावीच्या मुलांना जादा तास, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा आणि उत्तरपत्रिका तपासून चुका दाखवणे असा कार्यक्रम लावला. गुणवत्ता यादीत लातूरची नावे दिसू लागली आणि त्या कार्यक्रमाला राज्याने ‘लातूर पॅटर्न’ म्हटले. आज मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षांसाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुले लातुरात येऊन राहतात. डाळ आणि तेलाच्या घाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात आता मुलांनाच भरडून त्यांतून गुण काढले जातात, असे म्हणणारे लोक आहेत. पण तेही आपले पोर दहावी झाले की लातूरलाच आणून टाकतात.

परिणाम असा की पूर्वी ज्या घरात एक कुटुंब राही त्याच्यावर तीन मजले चढले. खाली घरमालक, वर चोवीस मुले. गेटवर पाटी : ‘अभ्यास चालू आहे. हॉर्न वाजवू नये.’ शैक्षणिक संस्थेभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र धरायचे म्हटले तर ट्यूशन एरियात एकाचे क्षेत्र संपायच्या आत दुसऱ्याचे सुरू होते, मध्ये एखादा दवाखाना स्वतःचे आणखी १०० मीटर घालतो. कागदावर पाहिले तर माणसाला मोठ्याने शिंकायला गावाबाहेर, बार्शी रोडला जावे लागेल.

या शांततेचे खरे चटके घरमालकाच्या कुटुंबाला बसतात. किरायेदारांचा अभ्यास बिघडू नये म्हणून टीव्ही मुका चालतो. मालिकेतली सासू रागावली की प्रेमात आली हे तोंडावरून ओळखावे लागते. मालकाच्या नातवाने अंगणात चेंडू टाकला की तिसऱ्या मजल्यावरून एक चष्मा खाली डोकावतो. नातू चेंडू उचलून घेतो. त्या चष्म्याच्या मागे सतरा वर्षांचे पोरगे असते, पण त्याच्या नजरेत मुख्याध्यापक असतो. गावात ‘सर’ म्हणवून घेणाऱ्यांची संख्या इतकी झाली आहे की चौकात कुणी नुसते ‘ओ सर’ अशी हाक मारली तर पानटपरीवाल्यासह सहाजण वळून पाहतात.

मुले बोलत नाहीत असे नाही. संध्याकाळी मेसच्या डब्याची वाट पाहताना ती कट्ट्यावर बसतात आणि तेव्हा मराठवाड्याच्या बोलींचे संमेलन भरते. नांदेडचे पोरगे विचारते, “काय करायलास?” उदगीरकडचे सांगते, “काय न्हाई, बसलालो.” विदर्भातून आलेला तिसरा दोघांकडे बघत राहतो आणि आठ दिवसांत स्वतःच ‘बसलालो’ म्हणू लागतो. डबा आला की संमेलन बरखास्त. रविवारी टेस्ट असते.

वर्षातून एकदा मात्र या शांततेचे उट्टे निघते. प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की दुपारपासून फटाके, ताशा, गुलाल. संध्याकाळपर्यंत चौकाचौकांत फलक लागतात, त्यांवर मुलांचे चेहरे अंगठ्याच्या नखाएवढे आणि सरांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा. वर्षभर ‘हॉर्न वाजवू नये’ची पाटी सांभाळलेला घरमालक स्वतः फटाक्यांची माळ लावतो. त्याच्या तिसऱ्या मजल्याचा किराया पुढच्या वर्षी वाढणार असतो.

लातुरात आणखी एक आवाज आहे, जो कुणालाच नकोसा होत नाही : नळाला पाणी आल्याचा. तो रोज येत नाही, कित्येक दिवसांनी येतो आणि वेळ सांगून येत नाही. आधी नळातून हवा येते, एखाद्या म्हाताऱ्याने खाकरावे तशी. तेवढ्यावर गल्ली जागी होते. कुणीतरी हळूच “आलं!” म्हणते, आणि पुढच्या मिनिटाला ड्रम, कळशा, टोप, पातेली, कूलरची टाकी, बाळाचा टब अशी सगळी भांडी अंगणात उभी राहतात. रात्रीचे दोन असोत, कुणाची झोपमोड होत नाही. आवाज मोजणारे काका अशा वेळी मोबाइल घरात ठेवून बादली घेऊन येतात.

या अधीरतेला कारण आहे. २०१६च्या उन्हाळ्यात धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये प्रशासनाने पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या ठिकाणांभोवती कलम १४४ लावले. एरवी दंगलीत लागते ती जमावबंदी इथे घागरींना लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली : दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पुढे वाघिणी पन्नास झाल्या आणि गाडीला ‘जलदूत’ हे नाव मिळाले. देशभरातून पत्रकार आले. ते गेल्यावर लातूरकर पाहुण्यांना सांगत, “लोकांच्या गावाला रेल्वेनं माणसं येतात, आमच्या गावाला पाणी आलं.” आजही लग्न जमवताना मुलीकडचे लोक मुलाची नोकरी विचारून झाली की बोअर किती फुटांवर आहे ते विचारतात. पगार बदलू शकतो, बोअरची खोली बदलता येत नाही.

आणि इथल्या मोठ्यांना निव्वळ शांततेचे फारसे कौतुकही नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा बाप्पाला निरोप देऊन गावे गाढ झोपलेली होती. ती पहाट पाहिलेली माणसे अजूनही रात्री अचानक कुत्री भुंकायची थांबली की उठून बसतात, आणि ती पुन्हा भुंकू लागली की कूस बदलून झोपतात. नव्या घरात ती टाइल्सकडे बघत नाहीत, कॉलमकडे बघतात.

तरीही लातुरात वर्षातला एक दिवस असा उगवतो की पाटीवरचा ‘शांत परिसर’ अक्षरशः खरा होतो. तो दिवस येळवसीचा, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येचा. जिल्ह्याला सुट्टी असते. सकाळी नऊपर्यंत सगळे शहर शेतावर निघून जाते : गाड्यांतून, टेम्पोतून, मोटारसायकलवर मांडीवर आंबिलाचा बिंदगा धरून. ज्याचे शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याचे नाही तो त्याच्या मित्राच्या, आणि ज्याला मित्रही नाही त्याला वाटेत कुणीतरी हाक मारून बसवतेच. कडब्याच्या कोपीत पूजा होते, मग बाजरीचे उंडे, भज्जी, गव्हाची खीर आणि वर आंबील. भज्जीत किती भाज्या घातल्या यावर बायकांची एकमेकींशी चढाओढ चालते आणि ती खाऊन झाल्यावर झाडाखाली पुरुषांची झोप चालते.

इकडे गावात गंजगोलाईच्या सोळाही रस्त्यांवर शटर खाली. भाजीचा कर्णा नाही, घंटागाडी नाही, मोटारी नाहीत. अशाच एका येळवसीला दुपारी बाराच्या सुमारास शांत नगरात एक पोरगा पार्सल घेऊन आला. नोकरीवर नवा असावा, जिल्ह्याबाहेरचाही असावा. त्याने एका फाटकावर थाप मारली, दुसऱ्यावर मारली. एकही कुत्रे भुंकले नाही; तेही बहुधा कुणाबरोबर तरी शेतावर गेले होते. वरच्या मजल्यावर अभ्यासाला थांबलेल्या एका मुलाने खिडकी उघडून ओठांवर बोट ठेवले आणि खिडकी लावून घेतली. पोराने फोन लावला.

“सर, पार्सल होतं. घरी कुणीच नाही.”

“घरी कसं असंल? येळवस हाय आज. तू काय करलालास तिथं?”

“पार्सल...”

“ते राहू दे. जेवलास का?”

“नाही.”

“मंग इकडंच ये की शेतात. औसा रोडला लाग. डालडा फॅक्टरी ठावं हाय ना? नाही? बरं, राहू दे. सरळ ये. पुढं मोठा आंबा लागतो, तिथून डावीकडं.”

पोरगा निघाला. अर्ध्या तासाने त्याचा पुन्हा फोन आला, आवाजात वारा भरलेला. आंबा कुठेच दिसत नाही, म्हणाला.

“आरं, तो पाडला की चार वर्षांखाली. पण वळायचं तिथूनच.”